"वाचनाला सगळ्यांनी यावं" म्हणतो, पण पोचतं कोण? (हौशी नाटक आणि पात्रनिवड)

तिसरी घंटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

जिल्ह्याच्या गावातली आमची हौशी नाट्यसंस्था. मी तिथे १७ वर्षं आहे. बँक, शाळा, दुकान, एसटी डेपो असं ज्याचं त्याचं काम आटोपून रात्री साडेआठला तालमीला जमणारी माणसं आम्ही. गणपतीत एक नाटक आणि हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धा. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट नेपथ्याच्या टेंपोपासून सगळ्याला वर्गणी काढतो. यंदा दिग्दर्शन पहिल्यांदाच माझ्याकडे आलं.

दर वर्षी जूनमध्ये आम्ही व्हॉट्सॲपवर निरोप टाकतो: "नवीन नाटकाचं वाचन आहे, आवड असलेल्या सगळ्यांनी यावं." कित्येक वर्षं हा निरोप मीच लिहिते आणि त्यातलं "सगळ्यांनी" मनापासून लिहिते. आमच्याकडे कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

यंदा वाचनाच्या दिवशी पावणेनऊला फोन आला. "ताई, मी खाली आले आहे." आमची तालीम एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होते, शाळा जागा फुकट देते. खाली गेले तर फाटकाशी एक मुलगी, व्हीलचेअरवर. पंचविशीची असेल. आमच्यातली दोन पोरं लगेच पुढे झाली, "खुर्चीसकट उचलून नेतो, दोन मिनिटांचं काम." ती म्हणाली, "नको. मला उचललेलं आवडत नाही. तुम्ही खाली येता का?"

त्या जिन्याला २२ पायऱ्या आहेत. इतकी वर्षं चढते आहे, मोजल्या त्या रात्री.

आम्ही खाली आलो. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, एका ट्यूबलाइटच्या उजेडात, डास मारत चौदा जणांनी वाचन केलं. नाटकात थोरल्या बहिणीचं काम आहे. वकील आहे, वडिलांच्या घराच्या वाटणीसाठी गावी येते. शेवटी तिचं वाक्य आहे, "सही मी करणार नाही." हिच्याआधी तिघींनी वाचलं आणि तिघींनी त्या वाक्याला आवाज चढवला. हिनं तो खाली आणला, इतका की आम्ही सगळे पुढे वाकलो. मी संहिता मिटली. माझ्यापुरती निवड झाली होती.

मग कार्यकारिणीची बैठक. कुणी म्हणालं, प्रेक्षकांना वाटेल हिच्या पायांचा कथेशी काही संबंध आहे. कुणी म्हणालं, नेपथ्यात तीन लेव्हल्स (उंच चौथरे) आहेत. कुणी म्हणालं, तिलाच त्रास होईल, दौरा झाला तर कसं करणार. आणि आमचे सगळ्यांत जुने सभासद म्हणाले, "पुढच्या वर्षी अपंगांच्या प्रश्नावरचं नाटक घेऊ की. तेव्हा हिला मुख्य भूमिका देऊ." हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं, आणि ते सगळ्यांत मायेनं म्हटलेलं होतं. ही माणसं वाईट नाहीत हो. माझे वडील गेले त्या रात्री हीच माणसं सकाळपर्यंत दारात बसून होती.

शेवटी भूमिका तिलाच दिली. तालीम शाळेच्या खालच्या वर्गात आणली. बाकं उचलून ठेवायची, परत लावायची, रोज वीस मिनिटं जातात. आणि आता नाट्यगृह बघून आले. प्रेक्षागृहात जायला उतार आहे, रेलिंग आहे, पुढच्या रांगेत व्हीलचेअरला जागासुद्धा सोडली आहे. पण मागून मेकअप रूमला पाच पायऱ्या, तिथून रंगमंचावर चार, आणि कलाकारांच्या स्वच्छतागृहाला दार इतकं अरुंद की खुर्ची शिरतच नाही. बांधणाऱ्याला प्रेक्षक अपंग असू शकतो हे सुचलं होतं. नट असू शकतो हे सुचलं नव्हतं.

तर ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी कृपया लिहा. उतार कसा करायचा? संहितेत तिच्या खुर्चीचा उल्लेख घालावा की घालू नये? आणि मला रात्री झोप लागू न देणारा प्रश्न: आमच्या त्या "सगळ्यांनी यावं" च्या निरोपानंतर इतक्या वर्षांत आणखी कोण कोण फाटकापर्यंत येऊन परत गेलं असेल?


नेपथ्यवाला

ताई, आधी स्टेजची उंची मोजून घ्या. हिशेब सोपा आहे, १ फूट चढायला १२ फूट उतार. तुमचं स्टेज साडेतीन फुटांचं असेल तर ४२ फूट लागतात. कुठल्याच विंगेत एवढी जागा मिळत नाही, म्हणून तिथे शोधूच नका. बहुतेक नाट्यगृहांत मागे सेट आत घ्यायचं दार असतं, जिथे टेंपो उलटा लावतात. ते दार स्टेजच्या पातळीला असतं आणि रुंदही असतं. उतार तिथून, बाहेरच्या आवारातून घ्या. सरळ जागा नसेल तर दोन तुकड्यांत वळवा. मध्ये वळायला ५ बाय ५ फुटांचा सपाट भाग ठेवा.

१८ मिलिमीटरचा प्लाय, खाली दर दोन फुटांवर आडवी पट्टी, नाहीतर मध्ये झोल येतो आणि चाक अडकतं. दोन्ही कडांना दोन इंचांची उभी पट्टी मारा, चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून. वर काथ्याची चटई अजिबात टाकू नका, ढकलताना हात भरून येतात. पायऱ्यांच्या कडेला लावतात ती खरखरीत चिकटपट्टी दर फुटावर लावली की पुरे.

सेटमधल्या लेव्हल्स काढून टाका. सहा इंचांची लेव्हल म्हणजे सहा फुटांचा उतार, रंगमंच त्यातच संपेल. उंचसखलपणा हवा असेल तर तो फर्निचरनं आणा. फ्लॅटमधला, म्हणजे सेटच्या भिंतीतला, दरवाजा आपण अडीच फुटांचा करतो, तो तीन करा.

आणि एक सांगू का, आत यायला तिला वेगळा उतार आणि बाकीच्यांना पायऱ्या असं करू नका. सगळ्यांच्या एन्ट्र्या उतारावरूनच घ्या. घरातली माणसं एकाच वाटेनं येतात-जातात, तसं दिसू द्या.


जुना प्रेक्षक

धागाकर्तीची तळमळ पोचली. तरी एक वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मी पंचेचाळीस वर्षं स्पर्धेची नाटकं बघतो आहे. रंगमंचावर जे दिसतं त्याला अर्थ असतो, ही प्रेक्षकाची सवय आहे. कोपऱ्यात छत्री ठेवली तर मी पावसाची वाट बघतो. वकील बहीण व्हीलचेअरवर आली की अपघात कधी झाला, भावाच्या हातून झाला का, वाटणीत त्याचा काही भाग आहे का, हेच दोन अंक डोक्यात राहणार. ही त्या मुलीवर टीका नाही. लेखकानं जे लिहिलं नाही ते प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतं आणि लेखकाचं नाटक बाजूला पडतं, एवढंच म्हणणं आहे. शिवाय संहितेत बदल करायचा तर लेखकाची परवानगी हवी. नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचंही बघावं लागेल.


तिसरी घंटा

नेपथ्यवाला, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या सुताराला दिला. मागचं दार मी बघितलंच नव्हतं! उद्या टेप घेऊन जाते.

काका, राग कसला, हाच प्रश्न मलाही होता. म्हणून परवा तालमीला नाटकाशी संबंध नसलेल्या माझ्या मैत्रिणीला नेलं, काही न सांगता. पहिल्या प्रवेशात तिनं माझ्या कानात विचारलं, "हिला काय झालंय?" मी म्हटलं, बघ. दुसऱ्या अंकानंतर विचारलं, मघाचा प्रश्न राहिलाय का? तिला तो आठवावा लागला. ती त्या भावावर चिडलेली होती, सहीच्या कागदात अडकलेली होती.

आपल्याच रंगभूमीकडे बघा ना. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करत होते आणि प्रेक्षक त्यांच्यात नायिका बघत होता. पुढे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेनं ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक यांना पुरुष नटांबरोबर उभं केलं. तेव्हा ते सवयीचं नव्हतं, आज आपल्याला त्यात काहीच विशेष वाटत नाही. सवय प्रेक्षकाची असते हे तुमचं बरोबर, पण ती लावणारेही आपणच की.

लेखकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "ती वाक्यं तशीच म्हणते ना?" मी हो म्हटलं. "मग काही बदलू नका." तेव्हा खुर्चीचा उल्लेख घालत नाही आहोत.


पांढरी काठी

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, फोनवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारी सोय) लावून हा धागा ऐकतो आहे. तुमच्याच जिल्ह्यातला, एसटीनं तासाभराच्या अंतरावरचा.

ताई, तुम्ही विचारलंत कोण परत गेलं असेल. मी गेलो आहे. तुमच्याकडून नाही, दुसऱ्या एका संस्थेकडून. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, नंतर नोकरी लागली तसा तिथे वाचनाला गेलो. सगळे प्रेमानं वागले. पाणी दिलं, खुर्ची दिली, हात धरून बसवलं. मग संहितेच्या झेरॉक्स वाटल्या आणि माझ्याही हातात एक दिली. मी ती दीड तास मांडीवर धरून बसलो. शेवटी म्हणाले, तुमचा आवाज फार छान आहे, पार्श्वनिवेदन कराल का? तीन वर्षं मी विंगेतून निवेदन केलं. तिसऱ्या वर्षीच्या नाटकात एक आंधळा म्हातारा होता. ते काम डोळस नटाला दिलं. काळा चष्मा, काठी, मान वर करून छताकडे बघत बोलणं. आम्ही कुणी तसं बोलत नाही. आम्ही आवाजाकडे तोंड करतो. त्याला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि मी टाळ्या वाजवल्या, कारण माणूस म्हणून तो माझा मित्र होता.

रंगमंचावर आम्ही कसे वावरतो हे लोकांना कळत नाही म्हणून भीती वाटते. सतरंजीखाली जाड सुतळी चिकटवून घ्यायची, तळव्याला लागते. कडेच्या दोन फुटांवर एक, मधल्या टेबलाकडे जाणारी एक. बाकी पावलं मोजून. समोरच्या नटानं वाक्य संपताना जागा बदलली नाही म्हणजे झालं, मला त्याचा आवाज कुठे आहे ते कळतं. दिवे गेले तर आम्हीच नाटक पुढे नेऊ शकतो.

स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' बसवलं. स्पर्शज्ञान हे मराठीतलं ब्रेल पाक्षिकही त्यांनी २००८ मध्ये सुरू केलं. त्या कलाकारांनी रंगमंचावर नृत्यं केली आहेत. तेव्हा होऊ शकतं का, हा प्रश्न राहिलेला नाही. मला फक्त वकिलाचं, कारकुनाचं, नवऱ्याचं काम वाचायला मिळावं, आणि ते वाचायच्या आधी संहिता मला वाचता येईल अशा रूपात मिळावी.


झाडीपट्टी

पांढरी काठी दादा, तुमचं वाचून थांबलो बराच वेळ.

मी ब्रह्मपुरीकडचा, नोकरीला पुण्यात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर धान निघाला की नाटकं सुरू होतात. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं, गावोगाव मंडप, रात्रभर नाटक आणि सकाळी लोक तिथूनच कामाला. मी ते बघत वाढलो. पुण्यात एका हौशी ग्रुपमध्ये चार वर्षं आहे. चार नाटकं केली. गडी, हवालदार, गावाकडचा पाहुणा आणि पुन्हा गडी.

पाचव्या नाटकात डॉक्टरचं काम वाचलं. दिग्दर्शक म्हणाले, उत्तम, पण तुझा हेल येतो आणि "पाणी" चं "पानी" होतं. मी तीन महिने आरशासमोर "ण" घोटला. बाण, कणा, पाणी, वाणी. जमला. काम मिळालं. पण प्रयोगात काय झालं सांगतो. रुग्णाच्या आईला मुलगा गेल्याचं सांगायचं होतं, आणि त्या वाक्यात दोन "ण" होते. माझं अर्धं लक्ष त्या दोन अक्षरांकडे. आईकडे बघायचं राहूनच गेलं. दिग्दर्शक म्हणाले, कोरडं झालं. खरंच झालं होतं.

आमच्या तालुक्याचे डॉक्टर एमडी आहेत आणि "काऊन, मले सांगत नाही का आधी?" असंच बोलतात. त्यांच्या तोंडून मृत्यूची बातमी ऐकलेली माणसं आमच्या गावात घरटी एक सापडतील. ती भाषा नाटकात आली की लोक हसायच्या तयारीत बसतात, कारण ती आपण आजवर हसवायलाच वापरली. शुद्ध बोलणारा तो साहेब आणि आमच्यासारखा बोलणारा तो गडी, हे वाटप लेखक करत नाही, बरेचदा आपण तालमीच्या पहिल्या दिवशी करतो. ण-न, श-स वरून माणसाचं घर आणि जात ओळखायची खोड जाईपर्यंत पात्रनिवड सगळ्यांना खुली आहे असं मी म्हणणार नाही.


मंडळातली

झाडीपट्टी, अगदी उलट्या बाजूनं तेच अनुभवते आहे. मी अमेरिकेत, इथल्या महाराष्ट्र मंडळात नाटकं बसवते. आमच्या इथे जन्मलेल्या मुलींचं मराठी "ट" आणि "त" मध्ये अडखळतं. म्हणून वर्षानुवर्षं त्यांना पालखीच्या मागे उभं करत आलो, नाहीतर नाच. गेल्या वर्षी एका सोळा वर्षांच्या मुलीला सुनेचं पूर्ण काम दिलं. देवनागरी येत नव्हतं, म्हणून मी तिची सगळी वाक्यं आवाजात रेकॉर्ड करून पाठवली. ती कारमध्ये ऐकत पाठ करायची. उच्चार राहिले तसेच राहिले. पण आजीशी भांडायचा प्रसंग तिनं असा केला की तिची खरी आजी, जी भारतातून आली होती, मध्यंतरात येऊन तिच्याशी मराठीत बोलत बसली.

पांढरी काठी यांनाही रेकॉर्डिंग चालेल का?


पांढरी काठी

चालतं, पण दुसऱ्याचा चढउतार कानात बसतो आणि मग माझं काम त्यांच्यासारखं होतं. मला कोरी वाक्यं हवी असतात. युनिकोडमध्ये टंकलेली फाइल मिळाली तर स्क्रीन रीडर सपाट वाचतो, रंग मी भरतो.


विंगेत उभी

वेळेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

"बायका मिळत नाहीत" हे हौशी संस्थांचं नेहमीचं गाऱ्हाणं. म्हणून एकच स्त्रीपात्र असलेली नाटकं शोधतात, किंवा बाहेरगावची नटी नाइट (प्रयोगाचे पैसे) देऊन आणतात. मी पोळ्यांची कामं करते, सहा घरी. पहाटे साडेचारला उठते. शाळेत असताना नाटकात होते, बक्षिसंही आहेत. आमच्या वस्तीजवळच तालीम व्हायची, म्हणून गेले. साडेआठची वेळ, सुरू व्हायची सव्वानऊला, संपायची बाराला. रात्री बाराला मला घरी सोडणार कोण, हा प्रश्न विचारायलाच मला संकोच वाटला. आणि सभासद वर्गणी १,२०० रुपये होती. त्यांनी मागितली नसती कदाचित. पण वहीत माझ्या नावापुढे रिकामा रकाना राहिला असता.

मी तिसऱ्या दिवसापासून गेले नाही. त्यांना वाटलं असेल हिला आवड नाही.

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वंचितांचा रंगमंच सुरू केला, वस्तीतल्या मुलांनी आपल्या गोष्टी आपणच रचून करायच्या. माझी भाची बघून आली होती. ती म्हणाली, मावशी, तिथे कुणी कुणाला बोलायला शिकवत नव्हतं.


तिसरी घंटा

विंगेत उभी ताई, आमच्याकडेही तसाच रकाना आहे. वही माझ्याच कपाटात असते.

आज रात्री बैठकीत तीन गोष्टी मांडते: तालीम सातला सुरू आणि साडेनऊला बंद, सोडायला कोण हे पहिल्याच दिवशी ठरलेलं, आणि वर्गणीची यादी नावांशिवाय, डबा ठेवायचा. दुकानवाल्यांना सात जमणार नाही. आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याशिवायचे प्रवेश घ्यावे लागतील. बघते.


चंद्रकोर

मी ट्रान्सजेंडर बाई आहे. हे वाक्य इथे लिहायला दोन दिवस लागले.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की मी बाई की पुरुष की आणखी कोण, हे मी सांगायचं. त्यानंतर बऱ्याच संस्थांनी मला बोलावलं, पण टाळी वाजवणाऱ्या प्रवेशासाठी. वर बालगंधर्वांचं नाव आलं आहे. त्यांचं नेसणं घराघरांतल्या बायकांनी उचललं. आज स्नेहसंमेलनात पुरुष साडी नेसून आला की हशा ठरलेला. मधे काय हरवलं ते मला कुणी सांगावं.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेत आत्याचं काम वाचलं. साधी आत्या. भाच्याच्या लग्नात रुसते, कुणी मनवत नाही, आपली आपणच उठून जेवायला बसते. मला ती रुसवा काढायला कुणीच न येणारी बाई पूर्ण ठाऊक होती. काम मिळालं. मग प्रश्न आला, ही कपडे कुठे बदलणार. पुरुषांची खोली, बायकांची खोली, दोनच असतात. संघातली सगळ्यांत वयस्कर बाई, जिला मी सगळ्यांत जास्त घाबरत होते, ती आपली पिशवी उचलून म्हणाली, "आत्या आहे ना ती? मग आमच्यात." आणि आरशासमोर माझ्यासाठी जागा करून दिली. पिना तिनंच लावल्या.

त्या नाटकाचे चार प्रयोग झाले. एकातही कुणी हसलं नाही.


घंटी नाही दिवा

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत २२ वर्षं शिक्षक आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या यादीत २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि आपण इथे अजून दोन-तीनच बघितली.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा आहे. वेगळी स्पर्धा नको, सगळ्यांना एकत्र घ्या, असं म्हणणाऱ्यांना मी दोन्ही बाजू सांगतो. तिथे माझी मुलं राजा होतात, खलनायक होतात, नाटक त्यांच्या भाषेत, म्हणजे खुणांच्या भाषेत, उभं राहतं. बोलणाऱ्यांच्या नाटकात त्यांना कोपऱ्यात झाड म्हणून उभं करण्यापेक्षा ते फार मोलाचं आहे. ती स्पर्धा राहिली पाहिजे.

पण मुलगा अठरा वर्षांचा होतो, शाळा सुटते आणि तो माझ्याकडे येऊन हातानं विचारतो, आता नाटक कुठे? मी काय उत्तर देऊ? त्याच्या गावात चार हौशी संस्था आहेत.

करायचं म्हटलं तर फार अवघड नाही. आम्ही आवाजाचे क्यू, म्हणजे प्रवेशाचे इशारे, ठेवत नाही. विंगेत छोटा दिवा लागतो, किंवा समोरचा नट ठरलेल्या वाक्याला पेला उचलतो. लाकडी रंगमंचावर पाय आपटला की थरथर तळव्याला कळते, फरशीवर नाही कळत. एक पात्र खुणा करणारं असेल तर घरातल्या दुसऱ्या पात्रानं खुणेनं उत्तर द्यावं आणि तेच वाक्य तोंडानंही म्हणावं, जसं आमच्या घरांत होतं. बाजूला वेगळा दुभाषा उभा करायची गरज तेव्हा पडत नाही. संघातल्या चौघांनी तरी तीन महिने खुणा शिकल्या पाहिजेत. नुसत्या वाक्यांच्या नाही, चहाच्या वेळच्या सुद्धा. नाहीतर तालमीत तो मुलगा प्रवेशात बोलतो आणि मध्यंतरात एकटा बसतो.


जुना प्रेक्षक

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या छत्रीच्या उदाहरणावर मी अजून विचार करतो आहे. धागाकर्तीच्या मैत्रिणीचा अनुभव पटला, चंद्रकोर यांच्या आत्यानं तर मला निरुत्तर केलं.

एक प्रश्न मात्र उरतो. पांढरी काठी यांचं दुःख खरं आहे. पण अंधाचं काम अंधानंच करावं, असं ठरवलं तर नट म्हणजे काय? दुसऱ्याच्या आयुष्यात शिरणं हाच तर त्याचा धर्म.


पांढरी काठी

काका, मी तसं म्हणत नाही. डोळस नटानं आमचं काम करावं, पण करायच्या आधी आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी दोन दिवस राहावं, म्हणजे तो छताकडे बघणार नाही. आणि दुसऱ्याच्या आयुष्यात शिरायचा धर्म मलाही पाळायचा आहे. मला डोळस माणसाचं काम द्या. बघा मी शिरतो का.


जुना प्रेक्षक

मान्य. मनापासून मान्य.


तिसरी घंटा

बरेच महिने झाले. काल स्पर्धेचा प्रयोग झाला, म्हणून धागा वर काढते.

उतार मागच्या दारातूनच केला, दोन तुकड्यांत, आवारातल्या कडुलिंबाला वळसा घालून. रंगीत तालमीला मधल्या जोडावर चाक आदळत होतं आणि तो आवाज पार शेवटच्या रांगेत जात होता. आमच्या सुतारानं रात्री दीडला जोडावर जुन्या सायकल ट्यूबचा रबर ठोकला. स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटला नाही. शेजारच्या एका घरी विनंती केली, त्यांनी तळमजल्यावरचं उघडून दिलं, पण ती प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून पाणी प्यायली नाही हे मला नंतर कळलं. याची लाज मला वाटते, आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला लेखी अर्ज दिला आहे.

प्रयोगानंतर परीक्षकांशी बोलणं झालं. दुसऱ्या अंकाची गती पडली म्हणाले. प्रकाशयोजना आवडली. थोरल्या बहिणीबद्दल म्हणाले, "शेवट फार चांगला, पण पहिल्या अंकात आवाज मागे पोचत नाही, श्वासावर काम करा." मला जरा वाईट वाटलं. तिच्याकडे बघितलं तर ती हसत होती. टेंपो भरताना म्हणाली, "ताई, कॉलेजपासून स्टेजवर जाते आहे. दर वेळी जिद्दीचं कौतुक होतं. माझ्या आवाजात चूक आहे असं आजवर कुणी म्हणालंच नव्हतं." सोमवारपासून ती आवाजाच्या व्यायामाला जाणार आहे.

साडेनऊची वेळ पाळली गेली. विंगेत उभी ताई, तुमच्यासारख्याच दोघी नव्यानं आल्या आहेत. दुकानवाल्यांपैकी एकानं मात्र संस्था सोडली, तो चांगला नट होता, त्याची उणीव जाणवते.

आता उन्हाळी नाटक. पांढरी काठी दादा, त्यात एक पोस्टमास्तर आहे, डोळस. तुम्ही वाचायला या असं मला वाटतं. रविवारी पाच वाजता, तळमजल्यावर, एसटी स्टँडवर घ्यायला मी येते. अडचण एकच. संहिता हस्तलिखिताची स्कॅन प्रत आहे, ६८ पानं, तुमचा स्क्रीन रीडर ती वाचणार नाही. लेखिकेची परवानगी घेतली आहे. तशीही २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात अशी प्रत करायला मुभा आहेच. मी पहिली ११ पानं टंकली. रविवारच्या आत एकटीनं होणार नाही.


मंडळातली

१२ ते २५ मला पाठवा. तुमची रात्र म्हणजे माझा दिवस.


झाडीपट्टी

२६ ते ४० माझ्याकडे. "ण" सगळे तपासून देतो.


चंद्रकोर

४१ ते ५२.


जुना प्रेक्षक

मला टंकलेखन सावकाश जमतं, पण ५३ ते ६० द्या. अक्षर पुसट असेल तर फोन करून विचारीन.


पांढरी काठी

रविवारी चारची एसटी धरतो. दोन वाक्यांच्या मधे रिकामी ओळ सोडा, कंसातल्या सूचना वेगळ्या ओळीवर. पोस्टमास्तर किती वर्षांचा आहे?